बागेतलं वाहन

बी.ए. होऊन मला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या पदवीची कुणाला गरज पडली, असं एकदाच घडलं. दिवाळीनंतर सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. बागेतून स्कूटरी हाकणाऱ्यांवरून वादावादी झाली आणि सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं ते कायद्याचं, नीतीचं काहीतरी झालंय ना? मग नियम तुम्हीच लिहा."

माझं 'ते काहीतरी' म्हणजे फिलॉसॉफी स्पेशल. टी.वाय.ला वर्गात आम्ही सहाजण, त्यातले दोघे पावसाळ्यात येत नसत. हा विषय घेतला तेव्हा आत्याने विचारलं होतं, "म्हणजे पुढे कीर्तन करणार का गं?" यात कायदा आणि राजकारणही असतं, असं आईने तिला समजावलं. आत्याचा चेहरा उजळला. वकील नाही तर नाही, निदान नगरसेविका तरी, असा तिने हिशेब केला असावा.

पहिली पंचाईत नीतिशास्त्राने केली. कांटने १७९७ साली एक छोटा लेख लिहिला. खुनी तुमच्या दारात येतो, तुमचा मित्र घरात आहे का विचारतो, आणि मित्र आत लपलेला आहे. तरीसुद्धा खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही, असं त्यात म्हटलंय. वर्गात मी मान डोलावत हे उतरवून घेतलं. त्याच आठवड्यात आमच्या दारात विमा एजंट आला. बाबांनी आतून हाताने 'नाही म्हण' अशी खूण केली. मी कांटला स्मरून एजंटला सांगितलं, "बाबा आहेत, पण नाहीत म्हणून सांग, अशी खूण करतायत." पॉलिसी वीस वर्षांची निघाली. दर हप्त्याच्या दिवशी बाबा न चुकता 'त्या जर्मन माणसा'ची आठवण काढत.

आमचे सर म्हणायचे, अर्धंमुर्धं खोटं बोलल्यावर धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला. कांटने रथच जप्त केला असता.

बेंथमने घरात फार दिवस तग धरला नाही. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हे त्याचं माप लावून मी निकाल दिला, की टीव्हीवर क्रिकेट लागावं; बाबा आणि भाऊ दोघे, मालिकावाली आई एकटी. आई म्हणाली, "आणि पोळ्या कोण करतं, ते धरलंस का बेरजेत?" ते धरलं नव्हतं. याच बेंथमचा सांगाडा त्याच्याच इच्छेनुसार त्याचेच कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलेला आहे, फक्त डोकं मेणाचं आहे. हे मी जेवताना सांगितलं तर भाऊ म्हणाला, "हिशेबी माणूस. काही वाया जाऊ दिलं नाही."

खरं अडकायला झालं ते सॉक्रेटिसपाशी. परीक्षेत त्याचं मरण 'टीपा लिहा'मध्ये येई, पाच गुणांना. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने त्याला मृत्युदंड दिला. क्रिटो नावाचा मित्र पैसे घेऊन तुरुंगात आला, पळून जायची सगळी सोय झालेली होती. सॉक्रेटिस नाही म्हणाला. ज्या कायद्यांच्या सावलीत सत्तर वर्षं काढली, ते आपल्या विरुद्ध गेले म्हणून मोडायचे का, असा त्याचा सवाल. सर हे फार तन्मयतेने शिकवत. आमच्या सहांत एक मुलगा साताऱ्याकडचा होता. त्याच्या आजोबांचा बांधावरून दावा चालू होता. वडील शाळेत होते तेव्हापासून तारखाच पडत होत्या. तो उठून म्हणाला, "सर, सॉक्रेटिसचा खटला एका दिवसात निकालात निघाला. म्हणून त्याला कायद्याबद्दल एवढं प्रेम."

सर बराच वेळ हातातल्या खडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे पेपरात लिहू नकोस. पण विसरूही नकोस." त्याने पेपरात लिहिलंच. किती गुण मिळाले, ते त्याने कधी सांगितलं नाही.

तर सोसायटीचा नियम. 'बागेत वाहने आणण्यास सक्त मनाई आहे' असा फलक आमच्याकडे आधीच होता. माझ्या काळजात धस्स झालं, कारण हे वाक्य मला टी.वाय.ला भेटलेलं होतं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनी १९५८ साली एका नियतकालिकातल्या लेखात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. बागेत वाहनांना बंदी. मोटार तर नक्कीच नको, पण मुलांची खेळण्यातली मोटार? रोलर स्केट्स? शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती धूसर कड असते, असं त्यांचं म्हणणं. त्याच अंकात फुलर या अमेरिकन प्राध्यापकांनी उलट विचारलं, की महायुद्धात वापरलेला, चालू स्थितीतला ट्रक स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर ठेवायचा असेल तर?

आमच्या धूसर कडेवर तळमजल्यावरचे काका होते. नव्या वॉचमनने फलक वाचून त्यांची चाकाची खुर्ची फाटकातच अडवली होती. शिवाय नातवंडांच्या तीनचाकी सायकली होत्या. सभेत एकाने वरातीतल्या घोडीचा मुद्दा काढला. मागून कुणीतरी विचारलं, "आणि गणपतीचं वाहन? बागेत उंदीर फार झालेत." ही अडचण हार्टना आलेली नसणार.

ट्रक आमच्याकडे नव्हता, चेतक स्कूटर होती. संस्थेच्या पहिल्या चेअरमनची, पिस्ता रंगाची. त्यांच्या मागे ती बागेत चौथऱ्यावर ठेवून तिच्या पायाशी कुंड्या मांडायच्या, असा ठराव मागच्याच वर्षी एकमताने झाला होता.

डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत म्हणाले होते, की संवैधानिक नीती ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. दीड तास 'वाहन' या शब्दावर भांडणारी एकोणीस माणसं पाहताना मला वाटलं, जोपासना चालू आहे. चहाही झाला होता.

मी घरी बसून अर्ध्या पानाचा नियम लिहिला. व्याख्या, अपवाद, हेतू, सगळं घालून. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. "छान आहे हो," म्हणाले, "पण फलकावर मावणार नाही. पेंटर अक्षरागणिक पैसे घेतो." जुनाच फलक राहिला. वॉचमनला तेवढं सांगण्यात आलं, "जरा माणूस बघून सोडत जा." आता तो काकांना सोडतो, डिलिव्हरीवाल्यांना अडवतो, आणि तीनचाकीवाल्यांकडून सलाम घेतो.

चेतक चौथऱ्यावरच आहे. गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी कुठून तरी पेट्रोल आणलं, तिला खाली उतरवून जरा कलती केली आणि किक मारली. सुरू झाली.