इंजिनला काही होत नाही

आपल्याकडे स्टेशन वॅगन कुणी घेत नाही. टेल्कोने १९९२ साली टाटा इस्टेट काढली, २००४ मध्ये इंडिगो मरीना आली. दोन्हींत सामान भरपूर मावलं, गिऱ्हाईक काही भरलं नाही. गाडीला मागे डिकीचं शेपूट तरी हवं, नाहीतर जीपसारखी छाती तरी हवी, ही आपली सौंदर्यदृष्टी. लांबलचक सपाट छपराची गाडी दारात उभी राहिली की आमच्या सोसायटीतले लोक आधी नमस्कार करतात आणि मग हळूच विचारतात, "कोण गेलं?"

मला मात्र तीच हवी होती. मागची सीट पाडली की आंब्याच्या पेट्या, हार्मोनियम आणि झोपलेला मेहुणा एका खेपेत नेता येतात. नवी मिळत नाही म्हणून जुनी, आणि सापडली ती डिझेल. कंपनीचं नाव सांगत नाही. वय झालेल्याची दुखणी नावानिशी चारचौघांत काढू नयेत.

"सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, एक रुपयाचं काम नाही," एजंट फोनवर म्हणाला. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते. वकील आणि वाणी बहुधा पायी हिंडतात. मीटरवर ६२ हजार किलोमीटर होते आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. डॉक्टर ब्रेकवर पाय ठेवूनच ऑपरेशन करत असावेत.

सोबत आमचे मिस्त्री होते. त्यांनी गाडीकडे न बघता आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम! डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आतली हवा वीस-बावीस पट दाबली की ती अशी तापते की डिझेल आपलं आपण पेट घेतं. रिंगा झिजून दाब सुटायला लागला की सकाळच्या गारव्यात इंजिन उठायला कुरकुरतं, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत एजंट त्याला उठवून ठेवतो. मिस्त्रींनी किल्ली खिशात घातली आणि चहा मागवला. गाडी गार होत गेली तसतसा एजंट गरम होत गेला.

मग हीटरचा दिवा विझू दिला आणि सेल्फ मारला. मिस्त्री सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत शिरलेलं असू शकतं, तेव्हा नमस्कार करून घरी यावं. आमच्या गाडीने थोडा काळा सोडला आणि ती गप्प चालू लागली. ऑइलचं झाकण काढून मिस्त्रींनी तिथेही हात धरला. "कंप्रेशन आहे," ते म्हणाले. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली तर कट-कट-कट. "अ‍ॅक्सलचा जॉइंट. नाना पेठेत मिळेल." खड्ड्यात बुश वाजले. "तेही नाना पेठेत." टायमिंग बेल्ट कधी बदलला, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, "डॉक्टरांनी बदललाच असणार." चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं, त्यामुळे डॉक्टरांवरचा विश्वास तिथे संपवला आणि नवा बेल्ट हिशेबात धरला. पंधरा वर्षं उलटलेली, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, तेही धरलं.

"बाकी इंजिनला काही होत नाही," मिस्त्री म्हणाले.

हे खरंच आहे. असल्या जुन्या इंजिनाच्या पंपात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ज्याला कान आहे तो ते दुरुस्त करतो. पण कान असलेले उरलेत किती? वर्कशॉपमधली नवी पोरं आधी लॅपटॉपची वायर कुठे खुपसायची ते शोधतात, आणि या गाडीत तसलं भोकच नाही. तेव्हा मी गाडी तपासायची थांबवून मिस्त्रींना तपासू लागलो. शुगर किती? बीपीची गोळी चालू आहे का? मुलगा धंदा बघणार ना?

"तो इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांकडे लागला," मिस्त्री म्हणाले. "मी आता गावीच जायचं म्हणतोय, साताऱ्याला."

म्हणजे पुढे गाडी बिघडली तरी खंबाटकी चढण्याइतकी धड राहायला हवी. एवढ्यात मिस्त्री शेवटची नजर टाकायला गाडीखाली शिरले आणि बंपर धरून उठताना स्पष्ट आवाज आला. कट्.

"हा पण बुश का?"

"छे, गुडघा."

मी एजंटला आणखी पाच हजार कमी करायला सांगितले.

"आता कशाचे?" तो खवळला. "गाडीत तर काहीच निघालं नाही!"

मी मिस्त्रींच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.