वय झालं, अजून व्हायचं आहे

अचलपूरची फिनले कापड मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. पण बंद झाली म्हणू नका. कागदोपत्री ती फक्त चालू नाही. म्हणून तिथला कामगारही बेकार नाही. त्याला फक्त काम नाही.

पन्नाशीच्या साचेवाल्यानं दुसरीकडे नोकरी मागितली की उत्तर मिळतं, वय झालं. पेन्शनचं विचारलं की उत्तर मिळतं, अजून व्हायचं आहे, पूर्ण हवी तर अठ्ठावन्नला या. एकाच आठवड्यात म्हातारा आणि तरुण होणारा माणूस वऱ्हाडाबाहेर क्वचितच सापडेल. आणि अठ्ठावन्नला तरी काय? ईपीएस-९५ या पेन्शन योजनेची किमान पेन्शन महिना हजार रुपये, २०१४ पासून तेवढीच. ती वाढावी म्हणून बुलढाण्यात पेन्शनर डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषणाला बसले. हजारात महिना काढणाऱ्याला उपोषणाचा वेगळा सराव कशाला लागतो!

सरकारला काळजी नाही असं मात्र नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. तीनशेपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला टाळं लावायला आता परवानगी नको. कपात झालेल्याला नवं कौशल्य शिकायला पंधरा दिवसांचा पगार. परतवाड्याच्या एका काकांना ही खुशखबर दिली.

"तुटला धागा नीट सांधाले मले सहा मईने लागले होते, भाऊ. पंधरा दिवसांत काय शिकू, अर्ज लिवाले?"

त्यातही अडचण आहेच. पंधरा दिवस मिळायला आधी कपात व्हावी लागते. फिनलेवाल्याची ती तरी कुठे झाली!

वर जगाची गंमत वेगळीच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला, आणि आपण बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के कर वर्षअखेरपर्यंत माफ केला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिकडची भांडणंही आता पहिल्यासारखी राहिली नाहीत.

तरी निराश व्हायचं कारण नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत हजार एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतंय. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी वर्ध्यातून पायाभरणी केली. काकांना म्हटलं, बघा, आपल्याच जिल्ह्यात मिली येणार.

"फिनलेत शेड हाये, साचे हायेत, शिकलेली मानसं हायेत," काका म्हणाले. "कमी हाये ते एक भूमिपूजन. तेवढं करून टाका म्हना. नारळ आमी आनतो."