गरज पडल्यास

जेवताना बोलू नये, असं माझी आजी सांगायची. तिला ठसक्याची भीती होती. मला त्या सल्ल्याची खरी किंमत कळली ती २०२५च्या एप्रिलात, टोरांटोशेजारच्या मिसिसागात, लेकीच्या घरी खिचडी-कढीच्या ताटावर. आणि ती किंमत कॅनेडियन डॉलरमध्ये होती.

झालं असं, की गुड फ्रायडेची सुट्टी होती, कढी फक्कड जमली होती, आणि आमचे जावई, जे एरवी मुकाट्यानं जेवून ताट विसळायला उठतात, ते आईस हॉकीवर बोलायला लागले होते. रविवारपासून प्लेऑफमध्ये आपल्या टोरांटो मेपल लीफ्सची गाठ ओटावाशी, गावात दुसरा विषय नाही वगैरे वगैरे. दुसऱ्यांदा वाढून घेतलेली कढी पोटात गेली की माझ्यातला कर्ण जागा होतो. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "जावईबापू, आपण सगळेच जाऊ की मॅचला. पाचही तिकिटं माझ्याकडून!"

जावयांना ठसका लागला. आजी बरोबर होती.

"बाबा, तू नको त्या फंदात पडूस," लेक म्हणाली. आता माझी बाजूही समजून घ्या. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते चर्चगेटजवळचं मैदान आणि कुंपणाला नाक लावून फुकट पाहिलेले सामने. त्याच मोसमात आपल्याकडे हॉकी इंडिया लीग झाली, तेव्हा राउरकेलाच्या वीस हजार खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये प्रवेश फुकट होता. फुकटाला पाचनं गुणलं तर किती होतात, हे एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं कॅशियर म्हणून काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. फार तर बर्फाचे थोडे जास्त लावत असतील, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे किराण्याला गेल्यावर मी नातवाचा टॅब घेऊन बसलो. टोरांटोचं सगळ्यांत स्वस्त तिकीट, म्हणजे छताला पाठ टेकेल आणि खेळाडू मुंग्यांएवढे दिसतील असं, ३६० डॉलर. मला वाटलं, पाच जणांचे. चष्मा पुसला. एकाचे होते. डॉलरला एकसष्ट रुपये धरून गुणाकार केला, तर पाचांचा आकडा लाखाच्या पलीकडे गेला, आणि मी टॅब पालथा ठेवून पाणी प्यायलो.

परत येऊन बघतो तर ३६०चे ३८५ झालेले. म्हणजे एक ग्लास पाणी मला पंचवीस डॉलरना पडलं होतं. इथे मागणीप्रमाणे दर हलतो, विमानाच्या तिकिटासारखा. शिवाय ज्यांनी आधी घेऊन ठेवली होती ते तेव्हा पुन्हा आपल्या मर्जीच्या भावानं विकत होते. पण हा दर कधीतरी उतरेलच, असं माझं ठाम मत होतं, कारण आमची ही ठाणे स्टेशनबाहेर रात्री नऊनंतरच कोथिंबीर घेते, एका जुडीच्या पैशात दोन. मी दबा धरून बसलो. मधे चष्मा कुठे ठेवला ते शोधण्यात पाच मिनिटं गेली. ४०५.

आता तुम्ही म्हणाल, हा संघ भलताच जिंकत असणार. तर या संघानं शेवटचा स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा अजिंक्यपदाचा कप, जिंकला १९६७ साली. मी तेव्हा चौथीत होतो आणि मला पावकी पाठ होत नव्हती. तेव्हापासून मी पावकी शिकलो, नोकरी केली, निवृत्त झालो, गुडघ्यात वंगण संपलं. कप काही आला नाही. खुर्च्या अठरा-एकोणीस हजार, आणि आशेवर जगणारी माणसं गावभर. मग दर चढणार नाही तर काय. जिंकल्याचे पैसे एकदाच मागता येतात. वाट पाहण्याचे दरसाल मागता येतात. चाळीस वर्षं म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल.

मग माझ्यातला कॅशियर जागा झाला. नातवाची चित्रकलेची वही घेतली, हत्तीच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारल्या आणि गावोगावचे भाव लिहायला बसलो. ओटावा: तिकीट थोडं कमी, पण ते साडेचारशे किलोमीटरवर, आणि स्टेडियम मूळ गावात नाहीच, पश्चिमेला कनाटा नावाच्या उपनगरात; म्हणजे मॅच दादरला म्हणून निघायचं आणि उतरायचं कल्याणला. त्यात त्या गावाला आठ वर्षांनी प्लेऑफ दिसत होता, आणि टोरांटोत न परवडलेले माझ्यासारखे लोक तिकडे जाऊन तिथलाही भाव चढवत होते. मॉन्ट्रियल: खुर्च्या एकवीस हजार, या लीगमध्ये सगळ्यांत जास्त, म्हणून स्वस्त असेल अशी माझी समजूत, पण चोवीस कप जिंकलेल्या गावाचा तोरा दरातही होता. विनिपेग: खुर्च्या जेमतेम पंधरा हजार, विमानाचं भाडं वेगळं, आणि प्लेऑफला सगळ्यांनी पांढरे कपडे घालून बसायची तिथली रीत. माझ्याकडे पांढरं म्हणजे एक लेंगा होता.

खरी मौज अमेरिकेत. आदल्या वर्षी कप जिंकलेल्या फ्लोरिडाचं तिकीट टोरांटोच्या मानानं किरकोळ. जिथे कप आहे तिथे स्वस्त आणि जिथे नाही तिथे महाग, असा उलटा बाजार मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. मी आनंदानं तो आकडा दोनदा अधोरेखित केला आणि मगच मला आठवलं, की माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. पुढे जावयांनी सांगितलं, की व्हिसा असून तरी काय. २०२३ साली टोरांटोकरांची झुंड येऊ नये म्हणून फ्लोरिडानं तिकीटविक्री फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांपुरतीच ठेवली होती. म्हणजे ज्या एका गावात मला परवडत होतं, त्या गावाला मी परवडत नव्हतो.

शेवटी मी पाचाचे दोन केले. मी आणि जावई. बाकीच्यांना आइस्क्रीम. टोरांटो-ओटावाच्या सात सामन्यांचं वेळापत्रक लावून बसलो. जावयांना सुट्टी शनिवारी, आणि शनिवारी सामने दोनच: चौथा ओटावात, सातवा टोरांटोत. चौथ्याला रेल्वे आणि हॉटेल धरलं की हत्तीचं पान संपत होतं. सातव्याच्या समोर काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण चष्मा पुन्हा हरवला होता आणि दर पुन्हा हलायच्या बेतात होता. मी दोन तिकिटांवर बोट टेकवलं. आठशे डॉलर. ४८,८०० रुपये.

तर मोबाइलवर ओटीपी. आणि तो मोबाइल ठाण्याला, शेजारच्या काकांकडे, लाइटबिलासाठी ठेवलेला. ज्या माणसानं हयातभर काउंटरच्या जाळीतून "ओटीपी कुणाला सांगू नका हो" असं सांगितलं, त्यानं दुपारी साडेचार वाजता, म्हणजे ठाण्यात रात्री दोनला, काकांना उठवलं. काकांनाही चष्मा सापडेना. पहिला ओटीपी त्यांनी उलटा वाचला, दुसरा मी उलटा लिहिला, तिसऱ्याला जमलं. "कुणाला बोलू नका," मी म्हणालो. "छे छे," काका म्हणाले.

सोसायटीत सकाळ झाली तेव्हा मिसिसागात रात्रीची जेवणं चालू होती. हिचा फोन वाजला, हिनं ग्रुप उघडला आणि माझ्याकडे न बघता मोठ्यानं वाचलं, "वहिनी, अभिनंदन! साहेबांनी पन्नास हजार हॉकीत घातले म्हणे. टीम विकत घेतली का?"

त्या रात्री मला कढी वाढली गेली नाही.

जावई मात्र हळवे झाले. पैशाचं ऐकल्यावर त्यांना सातवा वगैरे विचारायचं भानच राहिलं नाही. मीही "शनिवारी जायचंय" एवढंच सांगून भाव खात राहिलो. इकडे टोरांटोनं पहिला सामना ६-२ असा मारला, दुसरा जादा वेळेत, तिसरा ओटावाला जाऊन पुन्हा जादा वेळेत, आणि तिसऱ्याच्या रात्री जावई सोफ्यावर चढून नाचत ओरडले, "बाबा, आता एकच! एक जिंकलो की संपलं!"

"संपलं कसं?" मी म्हणालो. "अजून चार आहेत की."

"चार जिंकले की मालिका संपते, बाबा. उरलेल्या मॅच होत नाहीत."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे पाच वनडेंची मालिका ३-०नं खिशात गेली तरी उरलेल्या दोन होतातच. पाहुणे बोलावलेत तर पानावरून अर्धवट उठवत नाहीत. मी तिकीट पुढे केलं. नातवानं बारीक अक्षरं वाचली आणि आपल्या कॅनेडियन मराठीत जाहीर केलं, "आजोबा, इथे लिवलंय, इफ नेसेसरी. म्हंजे गरज पडली तर."

चौतीस वर्षं मी लोकांना 'अटी व नियम वाचून सही करा' म्हणत आलो होतो.

त्या क्षणापासून साऱ्या टोरांटोत सातवा सामना व्हावा असं वाटणारा मी एकटाच उरलो. कारण सातवा म्हणजे या गावाचं भळभळतं दुखणं. २०१३ साली बोस्टनविरुद्ध सातव्यात शेवटच्या वीस मिनिटांत ४-१ असे पुढे होते, तरी हरले. मग २०१८, २०१९, २०२४, तिन्हीदा सातव्यातच, तिन्हीदा बोस्टनकडूनच. जावई 'सात' हा आकडा उच्चारतानाही आवाज खाली आणायचे. आणि मी त्यांच्या सोफ्यावर, त्यांनीच दिलेली निळी जर्सी घालून, त्यांच्याच चिवड्याचा बकाणा भरून मनातल्या मनात ओटावासाठी अथर्वशीर्ष म्हणत होतो.

देव ऐकतो हो. चौथा ओटावानं जादा वेळेत घेतला. माझ्या तोंडून "वा!" निसटलं, ते मी चिवड्यावर ढकललं. पाचव्याला टोरांटोत, टोरांटोचाच ०-४ असा धुव्वा. जावई दोन दिवस जेवले नाहीत, मी दोन दिवस शीळ घालत भांडी पुसली, आणि ही माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्हाला कसला एवढा आनंद झालाय?"

गुरुवारी सहावा. टोरांटो २-० पुढे, मग २-२. मी सोफ्याच्या कडेला आलो. मग शेवटच्या मिनिटांत ३-२, आणि ओटावानं गोली बाहेर काढल्यावर रिकाम्या जाळीत ४-२. जावयांनी मला उचलून गोल फिरवलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून तेही रडायला लागले. "बाबा, तुम्हाला एवढं वाटत असेल असं वाटलं नव्हतं!"

मी सांगू तरी काय.

पैसे परत आले. पण डॉलर जाताना बँकेनं एका भावानं मोजले आणि येताना दुसऱ्या भावानं, वर तिचं कमिशन. न झालेला सामना न पाहण्याचे मला १,९०० रुपये पडले. हे मी हत्तीच्या पानावर लिहीत असताना जावयांनी माझं दुःख हलकं करायला एक गोष्ट सांगितली: लॉर्ड स्टॅन्ली नावाच्या कॅनडाच्या गव्हर्नर जनरलनं १८९२ साली तो कप घेऊन दिला, तो दहा गिनींना, तेव्हाच्या हिशेबानं जेमतेम एकोणपन्नास डॉलरना. म्हणजे मी जिथून मुंग्या बघायला निघालो होतो, त्या एका खुर्चीच्या पैशात तेव्हा आठ कप आले असते. १९६७पासून वाट पाहण्यापेक्षा एक विकत आणून ठेवला असता तर बरं, असं मी म्हणालो. जावई हसले नाहीत.

पुढच्या फेरीत फ्लोरिडा आला, आणि मला नको असताना सातवा सामना झाला. रविवार, १८ मे, टोरांटोतच. सकाळी मी सवयीनं दर पाहिला, टॅब पालथा ठेवला आणि पाणी प्यायला उठलो. संध्याकाळी पाचही जण टीव्हीसमोर, मध्ये चिवड्याचं पातेलं. या वेळी मी मनापासून टोरांटोच्या बाजूनं होतो. ६-१ असे हरले. लोकांनी अंगातल्या जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. एकेक जर्सी खाली पडली की मी मनात तिकिटाचे पैसे मोजत होतो. सामना संपायच्या आधीच खुर्च्या रांगेनं रिकाम्या व्हायला लागल्या. जावयांनी चेहऱ्यावर उशी ओढून घेतली. कुणी बोलेना.

तेवढ्यात ही चिवड्यातले शेंगदाणे निवडत शांतपणे म्हणाली, "अहो, आता विचारा. उतरलं असेल."

मी चष्मा शोधायला उठलो.