पडद्यामागचा सुधाकर

साऊंडवाल्याचं नाव गावात कुणाला ठाऊक नसलं, की समजावं, त्याचं बरं चाललंय. नट चांगला बोलला तर टाळ्या नटाला, गाणारीचा सूर लागला तर ‘वन्स मोअर’ गाणारीला. आमचं नाव निघतं ते भोंगा किंचाळल्यावर, आणि तेव्हा ते आईबापासकट निघतं. मुरबाड तालुक्यात माझं नाव एका रात्रीत झालं.

२००४ सालच्या माघातली गोष्ट. म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची ही जत्रा लागते, मोठा गुरांचा बाजार भरतो, घोंगड्यांचे ढीग लागतात आणि माळशेज उतरून तमाशाचे फड येतात. त्या साली एका फडाच्या कनातीमागे मी चार रात्री वायरी गुंडाळल्या. गण, गवळण, बतावणी, वग एवढा क्रम पाठ झाला आणि मी स्वतःला टेक्निशियन म्हणवून घेऊ लागलो. तिथल्या जनरेटरवाल्या काकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, अर्थिंगचा गज ओल्या जागी ठोकायचा आणि वर मीठपाणी ओतायचं. दुसरी, खेळ उठेपर्यंत थेंब नाही. “गाणारा पिऊन बेसूर झाला तर लोक हसतील. तू पिऊन न्यूट्रल ढिला ठेवलास, तर २३०च्या जागी ४०० व्होल्ट धावतील. मग कोण हसेल?”

पहिली गोष्ट मी नीट लक्षात ठेवली.

पंधरा दिवसांनी आमच्या गावच्या हौशी मंडळानं ‘एकच प्याला’ लावलं. गडकरी गेले त्याच वर्षी, म्हणजे १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं आणि बालगंधर्व सिंधू झाले. आमची सिंधू कल्याणहून नाइटवर आणली होती. सुधाकर होते शाळेतले गुरुजी. त्यांनी उभ्या आयुष्यात ताकापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. दिग्दर्शकाचा हट्ट असा की बाटली खरी पाहिजे, लेबलासकट. आत कोरा चहा भरायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी माळकऱ्याच्या घरचा. माझ्या हातात बाटली सुरक्षित, असं सगळ्या गावाचं मत.

माझा जोडीदार लायटिंगवाला. दिग्दर्शकानं जी रिकामी बाटली वापरली, ती त्याचीच. साहजिकच भरलेली बाटलीही त्याच कंपनीची निघाली. मिक्सरच्या टेबलाखाली गोणपाटात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. टेबलाच्या पलीकडून वाकून तो कुजबुजला, “डाव्या हाताची आपली. लय गारठलाय. दोन घोट घे.”

मी गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली. पांडुरंगाला दिसू नये म्हणून वर रुमाल ठेवला. मग डाव्या हाताच्या बाटलीतून स्टीलच्या पेल्यात चार बोटं ओतून डोळे मिटून घेतली. थंड, तुरट, कडवट. मनात म्हटलं, एवढ्यासाठी लोक शेतं विकतात? पण दुसऱ्या पेल्याला कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिसऱ्याला मिक्सरवरची आठही बटणं माझी जिवलग वाटू लागली. उजवीकडची बाटली मी इमानदारीनं विंगेत पोचवली.

पुढचं गावाला तोंडपाठ आहे.

रंगमंचावर तीन माईक लोंबकळत होते. मला प्रत्येकाचा आवाज खोल गेल्यासारखा वाटे, म्हणून मी प्रत्येकाला थोडं थोडं वर चढवत राहिलो. असं केलं की भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन भोंग्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. तिसऱ्या फेरीला अशी शिट्टी बसली की बंदोबस्ताचा हवालदार स्वतःच्या शिट्टीकडे संशयानं बघू लागला.

मग सिंधूचा जात्यावरचा प्रवेश आला. दारिद्र्य, काळोख, बायकांच्या डोळ्यांना पदर. माझ्यासमोर मंडळाची एक चिठ्ठी पडली होती. मध्यंतरात वाचायची होती. मला वाटलं, मध्यंतर झालं. मी निवेदनाचा माईक उघडला आणि जात्याच्या घरघरीवर खणखणीत आवाजात जाहीर केलं, “एका ग्रामस्थाकडून एक्कावन्न रुपये देणगी मिळाली आहे, मंडळ आभारी आहे.” मागून एक आजी ओरडली, “मंग तिला द्या ना ते! पोराला दूध तरी आणील!” सिंधू जात्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. ते हुंदके नव्हते, हे मला उशिरा कळलं.

सावरायला म्हणून मी पटकन माईक बंद करायला गेलो. बंद झाला मेन स्विच.

त्या रात्री नाटकाची लाज राखली ती गुरुजींनी. पहिला प्याला तोंडाला लावताच त्यांचे डोळे विस्फारले, ठसका लागला, गालावरून पाणी आलं. दारूचा पहिला घोट असा कुणी दाखवलाच नव्हता. तिसऱ्या अंकात त्यांचं पाऊल जे लडबडलं, ते थेट काळजातून. तळीरामाला मारलेली मिठी संहितेत नव्हती, पण ती सुटेना तेव्हा लोक उभे राहून टाळ्या देत होते. मंडळानं त्यांना अभिनयाची ढाल दिली. मला ठरलेले दीडशे रुपयेही दिले नाहीत.

सकाळी मी आबांच्या पाया पडून सांगून टाकलं, “प्यालो होतो.” आबा दोन महिने बोलले नाहीत. गावानं मात्र मोठ्या मनानं माफ केलं. “पोरगं हुशार, दारूनं घात केला,” असं म्हणत लोकांनी मला सप्त्याच्या कीर्तनात दाखल्यादाखल वापरलं. खरं सांगतो, मला ते आवडायचं. त्यात ‘हुशार’ हा शब्द होता.

पुढे माझ्या बाजूला विज्ञानही आलं. २००७ साली इंग्लंडमधल्या कानाच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना दारू पाजून त्यांचे कान तपासले. पिल्यावर ऐकू येणं तात्पुरतं मंदावतं, विशेषतः १००० हर्ट्झला, असं त्यांना आढळलं. बोलण्यातले बरेचसे आवाज याच टापूतले. म्हणून मला नटांचा आवाज खोल गेल्यासारखा वाटत होता! हे मी बाजारपेठेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला साऊंड माझाच होता. भाषणं झाल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. कपाटातली ढाल पिशवीतून आणली होती. म्हणाले, “बाळ, ही तुझी. त्या बाटलीत चहा नव्हता रे. समोर पोरं बसलेली, थुंकणार कुठं? गिळत गेलो. नंतर सांगणार होतो, पण तोवर ढाल मिळाली.”

मला आधी हसू आलं. मग मी टेबल डोळ्यासमोर आणलं. जोडीदार पलीकडे उभा. डावा हात त्याचा. त्याच्या डावीकडची बाटली माझ्या उजवीकडे. ती मी स्वतः विंगेत नेऊन दिलेली. मग मी चार बोटं, पुन्हा चार बोटं, पुन्हा चार बोटं जे रिचवलं, ते काय होतं?

मीच उकळलेला. साखर न घातलेला.

ढाल मी घेतली नाही. गुरुजींनी निदान प्याला खरा घेतला होता.

आबा आता थकलेत. त्यांना सांगावं का, की तुमच्या पोरानं त्या रात्री थेंबही घेतला नव्हता? ऐकून म्हातारा निवांत झोपेल. पण बातमी गावात फुटणार, आणि त्या रात्रीचा साऊंड मी पूर्ण शुद्धीत केला होता, हे लोकांना कळणार. मग पुढच्या जत्रेची सुपारी मला कोण देईल?

तेवढं सोडून माझी काही अडचण नाही. माळ गळ्यात आहे. कोऱ्या चहाला मात्र अजून हात लावत नाही, चढतो.