संगणकाची अंगाई

गगनबावड्यात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. करूळ घाटातून वर चढणारं धुकं खिडकीतून थेट कीबोर्डवर. अशा हवेत माणसाला डुलकी लागायला हुकूम लागत नाही, संगणकाला लागतो. भाच्याने माउसला हात न लावता काळ्या खिडकीत मंत्र टाइप केला: रनडीएलएल३२, पॉवरप्रोफ, सेटसस्पेंडस्टेट, शेवटी शून्य-एक-शून्य. सत्यनारायणाच्या संकल्पालाही एवढं लागत नाही. आणि गंमत म्हणजे विंडोजमध्ये हायबरनेशन चालू असेल, तर एवढं पुटपुटूनही यंत्र डुलकी घेत नाही, थेट हायबरनेट होतं. ‘हायबरनेट नको’ म्हणणाऱ्या त्या पहिल्या शून्याला कोण विचारतो! म्हणून आधी पॉवरसीएफजीने हायबरनेशन बंद करायचं, मग निजवायचं. लिनक्सवाले ‘सिस्टिमसीटीएल सस्पेंड’ एवढ्यावर भागवतात आणि त्यावर वर्षभर मिशीला पीळ देतात.

भाच्याने हायबरनेशनही बंद केलं. संगणक निजला, दिवा मिणमिणत राहिला. झोपेतही रॅमला वीज लागते. हायबरनेटमध्ये सगळं आधीच डिस्कवर उतरलेलं असतं. ते तर आम्ही नुकतंच बंद केलेलं.

तेवढ्यात लाईट गेली.

“मामा,” अंधारातून आवाज आला, “फाईल सेव्ह केल्तासा न्हवं?”