फाटक कुणाला अडवायला?

कोकणात घराला दार असतं ते माणसांसाठी आणि आगराला बेडं असतं ते गुरांसाठी. हा फरक ध्यानात न घेता शहरातून गावी परतलेला माणूस आधी काय करतो, तर उंच पत्र्याचं, वर भाले खोचलेलं काळंकुट्ट गेट लावतो. मग गाव बाहेर राहतं, साहेब आत राहतात, आणि वानरं भाल्यांना धरून आरामात आत उतरतात.

बेड्याची करामत साधी. दोन बाजूंना दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं, आणि त्यांत आडवे वासे. वासा एका खांबाच्या भोकात आधी जरा जास्तच आत सारायचा, मग उलट ओढून दुसऱ्या खांबात बसवायचा. बिजागरी नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच. वासे माणग्याचे असले तर उत्तम, कारण हा बांबू जवळजवळ भरीव. वरचा वासा सरकवून माणूस टांग टाकून आत येतो. म्हशीला ते सुचलं तरी जमत नाही. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात आणि जगातलं सगळं गवत सोडून आपल्याच अळूकडे वळतात, तेव्हा या तीन-चार बांबूंची किंमत कळते.

आमचं बेडं गेलं ते मोटारीमुळे. भर पावसात खाली उतरून वासे काढायचे, गाडी आत घ्यायची, परत जाऊन वासे घालायचे, हे काम घरात नेमकं कुणाचं, यावर एकमत होईना. गाडी चालवणाऱ्याच्या मते शेजारी बसणाऱ्याचं. शेजारी बसणारीचं मत मी इथे लिहीत नाही.

फाटक ठरवायला वेल्डर आला. त्याच्याआधी, अर्थातच, शेजारचे तात्या आले. वेल्डरने मोबाइलवर एकेक नमुना दाखवायला सुरुवात केली. मोर, सूर्य, दोन सिंह. सिंहांपाशी तात्यांनी विचारलं, “काय रे, घर बांधलंयस की संस्थान?” शेवटी आवडलं ते इंग्लंडातल्या शेतांवर असतं तसलं : पाच आडवे दांडे आणि एक तिरका. आरपार दिसणारं, वारा न अडवणारं. तात्या म्हणाले, “हे आपलं बेडंच. फक्त एक वासा निसटलाय.”

तो निसटलेला वासाच खरं तर सगळं फाटक तोलतो. लांब फाटकाचं कडीकडचं टोक आपल्या वजनाने खाली बसू पाहतं. तिरका दांडा बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीकडच्या वरच्या कोपऱ्याला टेकला, तर तो भार पेलून खांबाकडे नेतो. उलटा लावला आणि दांडा लाकडी असला, तर सांध्यांना ओढ बसते आणि फाटक हळूहळू जमिनीला नमस्कार घालू लागतं. गावातली निम्मी फाटकं उचलून उघडावी लागतात, ती या उलट्या दांड्यापायी किंवा खांबाच्या आळसापायी.

रुंदीवरही चर्चा झाली. मोटार सहा फुटांची, मग आठ फूट पुरे, हा हिशेब कागदावर बरोबर. पण चिऱ्यांचा ट्रकच आठ फुटांचा असतो, आणि तो अरुंद पाणंदीतून वळून आत शिरणार. म्हणून बारा फूट, दोन झडपा. एवढ्या लांबीची एकच झडप टांगली असती तर खांबाने कधीतरी मान टाकलीच असती. समुद्र जवळ, खारी हवा. साधं लोखंड इथे पावसाळे मोजत गंजतं. म्हणून जस्त चढवलेला पाइप, आणि वेल्डिंगने जिथे जस्त जळतं तिथे पुन्हा लेप. वेल्डर लेप विसरणार होता. तात्या विसरले नाहीत.

खड्डे खणताना पहार कातळावर खणखणली. वाट आत चढती असल्याने आत उघडणारी झडप जमिनीत घुसली असती; बाहेर उघडावी तर पाणंद अडते, आणि पाणंद अडवणं म्हणजे सात पिढ्यांचं भांडण. तेव्हा फाटकाच्या आत झडपेपुरती सपाटी काढली आणि खालून पाण्याला वाट ठेवली. खांब काँक्रीटमध्ये उभे केले. ते पुरतं घट्ट होईपर्यंत झडपा टांगायच्या नव्हत्या, त्या दिवसांत गुरांनी अळूचा सूड घेऊन टाकला.

आता फाटक बोटाने ढकललं तरी फिरतं. एक गंमत मात्र झाली. बेडं होतं तेव्हा लोक सरळ ओट्यापर्यंत येत. आता कडी दिसते म्हणून बाहेरूनच हाक मारतात. गॅसवाला हॉर्न वाजवतो. भाजीवाल्या मावशी “असात काय?” विचारून उत्तराची वाट बघत उभ्या राहतात. कडी काढून टाकावी तर गुरं आहेत, ठेवावी तर माणसं थांबतात.

तात्यांनी तोडगा काढलाय. ते फाटकाकडे फिरकतच नाहीत, मागच्या गडग्याच्या खिंडारातून येतात. ते बुजवायला चिरे आणून ठेवले, तर हल्ली त्यांवरच बसून ते सुपारी कातरतात.