शेजारचा तारा बघ

तुलना करू नये असं शहाणी माणसं सांगत आली आणि आपण सगळे तुलनेवरच वाढलो. ‘शेजारचा मुलगा बघ, पहाटे उठून अभ्यासाला बसतो,’ हे न ऐकता मराठी घरात कुणी मोठं झालं असेल, असं वाटत नाही. माझी एक आत्या तर लग्नाच्या पंगतीतही सगळ्या भाच्यांना नुसत्या नजरेनं उंचीप्रमाणे ओळीत लावायची. एवढी सूक्ष्म दृष्टी फुकट गेली, अशी हळहळ मला पुष्कळ दिवस वाटायची. रूपविकारी ताऱ्यांचा नाद लागल्यावर कळलं, आत्या फक्त चुकीच्या अंगणात उभी होती.

ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं ते तारे रूपविकारी. ते तेज मोजायला दरवेळी दुर्बीण लागतेच असं नाही. शेजारी मात्र लागतात, तेही दोन. एक थोडा उजळ, एक थोडा मंद, आणि दोघांचीही प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, पक्की ठाऊक. हा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. ययाती नक्षत्रातल्या अल्गोलसाठी गॅमा देवयानी आणि एप्सिलॉन ययाती घ्यावेत. पहिल्याची प्रत २.१, दुसऱ्याची २.९. नजर सावकाश या तिघांवरून फिरवायची. अल्गोल बरोबर मधोमध वाटला, की वहीत वेळ टाकून २.५ लिहायचं. झालं शास्त्र! पथ्यं थोडीच. त्यातलं एक मोठं गोड आहे: तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, पाहत राहिलं की तो आहे त्याहून उजळ वाटू लागतो. ही अडचण फक्त आकाशापुरती आहे, असं कोण म्हणेल?

ज्या ययातीनं मुलाकडून तारुण्य उसनं घेतलं, त्याच्याच नक्षत्रातला हा अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी म्हातारा होतो. पाचेक तासांत तो २.१ वरून ३.४ पर्यंत उतरतो आणि तेवढ्याच वेळात पुन्हा तरुण होतो, कुणाच्या पोराबाळांना तोशीस न देता. खरं तर त्याला काहीच झालेलं नसतं. एक मंद जोडीदार त्याच्यासमोरून जात असतो. हा तर्क इंग्लंडातल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकनं १७८३ मध्ये मांडला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. लहानपणीच ऐकू येईनासं झालेला हा मुलगा एकविसाव्या वर्षी गेला.

आणि आपल्याकडचे राधागोविंद चंद्र! बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी. दिवसा सरकारच्या पैशाचा हिशेब आणि रात्री ज्याचा कुणी मालक नाही अशा उजेडाचा. रूपविकारी ताऱ्यांच्या त्यांच्या नोंदी ३७ हजारांवर गेल्या. १९११ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या निरीक्षकांच्या संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली, ती त्यांच्या अक्षरातले आकडे वाचून. एवढ्या नोंदींत सनसनाटी फार थोडी. बहुतेक रात्री तारा परवा होता त्याहून किंचित मंद, एवढंच. पण ते ‘किंचित’ कुणीतरी जागून लिहून ठेवावं लागतं. आज पाहिलेलं तेज उद्या पुन्हा पाहता येत नाही.

या छंदात खरा मोह एकच. आज तारा किती मंद व्हायला हवा हे आधी कळलं, की डोळे लगेच आज्ञाधारक होतात आणि तेवढाच मंद करून दाखवतात. माणसांच्या बाबतीत आपण हेच करतो. परवाच्या मतावरून आजचा माणूस वाचतो. तारे याचा राग धरत नाहीत, म्हणून सराव त्यांच्यावर करावा. मार्गशीर्षात रात्री नऊच्या सुमारास डोक्यावरून जरा उत्तरेला ययाती सापडेल. मागचं पान उघडू नका, भाकीत पाहू नका. दिसेल तेवढंच लिहा.